नसेलतर सर

“आणि हे नसेल तर?”

आमचे सर हा प्रश्न कुणालाही विचारायचे. वाशिमच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी ते तो हातात धरून बघत आणि टपरीवाल्याला म्हणत, “चहाच नसेल तर लोक काय घेतील हो?” पहिल्यांदा टपरीवाला घाबरला. त्याला वाटलं, हा नगरपालिकेचा माणूस आहे, टपरी उठवायला आला आहे. दुसऱ्या वेळी त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. “चहा नसन तं घरी जातीन, सर. बायकोच्या हातचा पितीन अन् पस्तावतीन.”

सर हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, “म्हणजे घर हा तुमचा प्रतिस्पर्धी.”

ज्या खानावळीत ते जेवत तिथल्या काकूंनाही त्यांनी सोडलं नाही. “वांगं नसेल तर?” काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, “तं उपास करा. पुन्य लागन.”

कॉलेजात पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, नसेलतर सर. ते इतकं चिकटलं की एकदा पोस्टमननं मला विचारलं, “नसेलतर सरायची खोली कोनती?” त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून माणूस तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा नाही. या नावानं राहील. बारीक अंग, लांब बाह्यांचा सदरा, आणि उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही.

ते साताऱ्याकडचे. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याकडे कसे आले हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते अर्थशास्त्र शिकवत, मी त्याच विभागातला दुसरा अधिव्याख्याता. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, पहिला एम.ए.ही मीच, आणि हे मी त्या काळात ओळख झाल्या झाल्या सांगून टाकत असे. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, “छान. कॉलेज नसतं तर काय केलं असतं?”

मला राग आला. म्हणालो, “दुसऱ्याच्या वावरात वखर हाकला असता.”

“म्हणजे पर्याय नव्हता,” सर म्हणाले आणि वर्गावर निघून गेले. कौतुक नाही की दया नाही. त्या दिवशी तो माणूस मला आवडला नाही. पण कौतुक करणारे मला पुष्कळ भेटत होते, आणि त्या कौतुकाच्या आत काय असतं ते मला चांगलं कळत होतं. म्हणून असेल, दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

हे सगळं सत्तरीच्या दशकातलं. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातच होता.

उत्तम माझा शाळेतला सोबती. आमच्याच वस्तीतला. अमरावतीला जाऊन त्यानं फार्मसीचा डिप्लोमा केला, सरकारी परवाना काढला आणि रिसोडला मेडिकल स्टोअर्स टाकलं. काचेची कपाटं केली, पाटी रंगवली. आणि कपाटात ठेवायला औषध मिळेना.

कारण असं. औषधविक्रेत्यांच्या संघटनेचा एक नियम होता. गावात नवं दुकान उघडायचं तर जुन्या दुकानदारांची ना-हरकत पाहिजे. ती नसेल तर कुठलाही ठोक व्यापारी नव्याला माल देणार नाही. दिला तर संघटनेची सगळी दुकानं त्या व्यापाऱ्याचा माल घेणं बंद करणार. हा नियम सरकारनं केलेला नव्हता, व्यापाऱ्यांनी आपसात केलेला होता. रिसोडला जुनी दुकानं दोन. दोघांनीही ना-हरकत दिली नाही. एक म्हणाला, गाव लहान आहे. दुसऱ्यानं उत्तमकडे वरून खालपर्यंत पाहिलं फक्त. ते पाहणं आम्हाला नवं नव्हतं.

उत्तमनं कपाटात बाम, पट्ट्या, कापूस, पावडरचे डबे आणि केसांचं तेल मांडलं. मागे रिकामी खोकी रचली. गिऱ्हाईक यायचं, डॉक्टरची चिठ्ठी दाखवायचं, आणि उत्तम म्हणायचा, “आज नाई हाये.” एक म्हातारा त्याला म्हणाला, “बापू, हे मेडिकल हाये का न्हाव्याचं दुकान?”

मक्तेदारीविरुद्धचा नवा कायदा तेव्हा आला होता आणि दिल्लीत त्यासाठी आयोग बसला होता. अकोल्याच्या एका वकिलानं उत्तमची तक्रार तिथं लावून धरली. वकील म्हणाला, तुमच्यावर अन्याय झाला एवढं पुरत नाही, लोकांचं नुकसान होतं हे दाखवावं लागेल, आणि ते सांगायला अर्थशास्त्रातला माणूस पाहिजे. मी उत्तमला सरांच्या खोलीवर नेलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दोन दुकानं आहेत. तिसरं नसेल तर? लोकांचं काय बिघडतं?”

उत्तम माझ्याकडे वळला. “हा मानूस आपल्या बाजूनं हाये का त्यायच्या?”

“मला अजून माहीत नाही,” सर म्हणाले. “उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू.”

तुम्हाला वाटत असेल की अर्थशास्त्रज्ञाचं काम म्हणजे आकडे आणि आलेख. सरांनी मला समजावलं ते असं. समोरचा पक्ष म्हणणार की रिसोडला नाही मिळालं तर लोक वाशिमला जातील, अकोल्याला जातील. बाजार एवढा मोठा आहे, त्यात रिसोडच्या दोन दुकानदारांची काय मक्तेदारी? म्हणून आधी बाजार कुठं संपतो ते शोधायचं. माणूस औषधासाठी कुठवर जातो आणि कुठून परत फिरतो, तिथं रेघ ओढायची. सर म्हणाले, “रेघ सापडली तर खटला आहे. नाही सापडली तर उत्तमरावांनी तेलच विकावं.”

आम्ही गावोगाव निघालो. पारावर जाऊन बसायचं, माणसं जमायची, आणि सर आपल्या शुद्ध भाषेत विचारायचे, “औषध रिसोडला मिळालं नाही तर आपण काय कराल?”

“वाशिमले जाऊ नं.”

“तिथं नसेल तर?”

“अकोल्याले जाऊ.”

“आणि अकोल्यालाही नसेल तर?”

एक पागोटेवाला उठून उभा राहिला. “मुंबईले जाऊ! लेकराच्या जिवापुढं टिकीट मोठं हाये का, मास्तर?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरांनी लिहून घेतलं.

पंधरा दिवस हेच. प्रत्येक गाव अकोल्याला जायला तयार, दर दुसरं मुंबईला. सरांच्या कागदांवरून पाहिलं तर रिसोडकडचा मुलूख म्हणजे सगळा प्रवासी लोकांचा. ते एका संध्याकाळी मला म्हणाले, “रेघ नाही. बाजार फार मोठा आहे. उत्तमरावांना सांगावं लागेल.”

मी म्हणालो, “आधी माझ्या घरी जेवायला चला.”

आमचं गाव रिसोडच्या पलीकडं, पैनगंगेच्या अंगाला. मायनं भाकर आणि अंबाडीची भाजी केली होती. सरांना पाटावर बसवलं. जेवता जेवता सरांनी तिलाही विचारलं, “आई, औषध रिसोडला मिळालं नाही तर?”

“वाशिमले जाऊ, गुरुजी. नाहीतं अकोल्याले.”

मला राहवलं नाही. “माय, तू अकोला पाह्यलं कधी? मागच्या हिवाळ्यात तू महिनाभर खोकलत होती. कुठं गेली होती तू?”

माय माझ्यावर अशी कावली की सरांचा घास हातातच राहिला. “पाहुन्या मानसापुढं आपलं दळिद्र काढतं का रे? यासाठी शिकवलं तुले? ते इचारून राह्यले का औषध नाई भेटलं तं काय करसान, अन् मी काय सांगू? घरी बसू म्हनू? लोक काय म्हनतीन, का यायले जिवाची कदर नाई!”

सरांनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी जवळचा पितळी तांब्या उचलला, पाणी प्याले आणि म्हणाले, “माझी चूक झाली. मी त्यांना औषधाचं विचारत होतो आणि ते मला अब्रूचं सांगत होते.”

मग त्यांचं लक्ष पाटाशेजारच्या भिंतीतल्या देवळीकडं गेलं. तिथं आमची रॉकेलची चिमणी होती. चिमणी म्हणजे आमच्याकडं सगळ्यांच्याच घरी असायची तशी, बाटलीच्या बुचाला भोक पाडून त्यात वात घातलेली. सरांनी ती उचलून पाहिली. तपकिरी, चपटी, खांद्याशी गोल, काचेवर औषधाच्या कंपनीचं नाव उठवलेलं.

“ही बाटली कुठली, आई?”

आता मायला लाजायचं कारण नव्हतं. बाटलीत कसली अब्रू? ती मोकळेपणानं बोलली. “त्या रिसोडवाल्यानं गळ्यात बांदली. याच्या बापाले टायफॉईड झाला होता. कॅप्सूल पायजे तं टॉनिक बी घ्या म्हने, नाहीतं कॅप्सूल नाई. दोन्ही दुकानावर तेच. कडू जहर होतं ते! म्हशीले पाजलं. म्हशीनं बी तोंड फिरवलं.”

“शेजारी?”

“शेजारी काय, साऱ्या गावात हेच दिवे हायेत. ज्याच्या घरी ताप आला त्याच्या घरी चिमनी आली.”

सर उठले, खरकट्या हातानंच. माय म्हणाली, “अवो, हात तं धुवा.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रश्न विचारणं बंद केलं आणि चिमण्या पाहायला लागलो. वाशिमला पाच-सहा दुकानं होती. तिथं कुणी टॉनिक गळ्यात मारलं तर गिऱ्हाईक पायरी उतरून शेजारी जायचं, म्हणून तिथं कुणी मारत नसे. वाशिमच्या बाजूच्या गावांत चिमण्या शाईच्या दौतीच्या, पत्र्याच्या डबीच्या, कशाच्याही. रिसोडच्या बाजूला लागलं की देवळीत टॉनिकची बाटली. मधे रिठद. रिठदला माणूस मोटार येईल त्या बाजूला जातो, रिसोडलाही आणि वाशिमलाही. तिथं एका घरी दौत आणि शेजारच्या घरी टॉनिक. सर रिठदच्या फाट्यावर उभे राहिले, छत्रीचं टोक रस्त्याच्या धुळीवर टेकवलं आणि आडवी रेघ ओढली. एक शेतकरी बैलगाडी थांबवून पाहत होता. “सायेब, सडक रुंद होनार हाये का?”

“नाही,” सर म्हणाले. “बाजार इथं संपतो.”

“बाजार तं बसतच नाई इथं,” तो म्हणाला आणि गाडी रेघेवरून घेऊन गेला.

या कामात एक घोटाळा झाला, तो सांगितल्याशिवाय सर पूर्ण होत नाहीत. एक साहेब घरोघर चिमण्या मोजत फिरतो ही बातमी आमच्या पुढं पळत होती. एका गावात आम्ही पोचलो तर प्रत्येक ओट्यावर चिमण्यांची ओळ मांडलेली. एकेका घरापुढं चार चार. पुसून लखलखीत केलेल्या. शेजारच्या खेड्यांतून, सोयऱ्यांकडून मागून आणलेल्या. सरपंच हार घेऊन पुढं आले. “या सायेब. पाहा, किती अंधार हाये आमच्याकडं. लाइटीचे खांब कदी पडतीन?”

त्यांना वाटलं होतं, जितक्या जास्त चिमण्या तितकी लवकर वीज.

मी सरांच्या कानाशी लागलो. “सर, आता खरं सांगू नका. मार खाऊ. मोजल्यासारखं करा अन् चला.”

सरांनी हार गळ्यात घालू दिला नाही. हातात घेतला आणि ओट्यावर ठेवला. म्हणाले, “मी विजेचा माणूस नाही. औषधांच्या खटल्यासाठी आलो आहे. मी मोजलं तरी इथं वीज येणार नाही.”

मी मागं रस्ता कुठं आहे ते पाहून ठेवलं. मग एक म्हातारी म्हणाली, “मंग एवढं घासलं ते कायले?” आणि कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. सरपंचांनी चहा टाकायला सांगितला. चहा पिताना म्हणाले, “तरी बी लिहून घ्या, मास्तर. तुमी मोठ्या लोकायपुढं उभे राहनार. कोनाच्या तरी कानावर जाऊ द्या.”

सरांनी लिहून घेतलं. पण त्या गावाच्या चिमण्या त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत. अहवालात तसं लिहिलं, आणि का धरल्या नाहीत तेही लिहिलं. त्याच अहवालात त्यांनी पारावरची सगळी उत्तरंही जशीच्या तशी घातली, मुंबईसकट. उत्तमचे वकील वैतागले. “अहो, हे समोरच्याच्या हातात कोलीत देणं आहे. काढा ते.”

“मी विचारलं होतं,” सर म्हणाले. “त्यांनी उत्तर दिलं होतं. काढू कसं?”

उत्तम त्या रात्री माझ्यापाशी रडला नाही, पण रडण्याच्या बेतात होता. दुकानाचा परवाना नव्यानं करून घ्यायची वेळ आली होती. घरचे म्हणत होते, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर हो आणि मोकळा हो. “तुह्या सरायच्या इमानदारीत माहं दुकान डुबते का?” मलाही तसंच वाटत होतं.

सुनावणीच्या आधी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मलाही बोलावलं. आमच्या कॉलेजच्या संस्थेत एक सभासद औषधांचे ठोक व्यापारी होते. प्राचार्य भला माणूस, पण भला म्हणजे किती भला हे खुर्चीवर अवलंबून असतं. ते म्हणाले, “तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही. या साक्षीची एवढी काय गरज आहे?”

सर म्हणाले, “मी गेलो नाही तर दुसरं कोण आहे?”

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “मी आहे, सर. पण मीही तेच सांगीन.”

माझी नेमणूक कायम होती. बोलायला माझं काही जात नव्हतं. तरी बोललो ते बरं झालं, असं आजही वाटतं.

आयोगाचे लोक साक्षी घ्यायला नागपूरला आले होते. एका सरकारी इमारतीचं सभागृह, वर पंखे, समोर तीन खुर्च्या. संघटनेनं मुंबईचा वकील आणला होता. त्यानं अहवालाचं नेमकं तेच पान उघडलं.

“आपण लोकांना विचारलंत ना, औषध मिळालं नाही तर काय कराल?”

“हो.”

“बहुतेक सगळ्यांनी काय सांगितलं?”

“वाशिमला किंवा अकोल्याला जाऊ. काहींनी मुंबई सांगितलं.”

उत्तमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. उत्तमनं माझं मनगट धरलं.

“म्हणजे तुमच्याच पाहणीप्रमाणे रिसोडच्या माणसाला पर्याय आहेत. आणि नंतर आपण घराघरांतले दिवे मोजत फिरलात. प्राध्यापक महाशय, अर्थशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात हे सांगितलं आहे?”

सभागृहात लोक हसले. सर हसू थांबेपर्यंत थांबले. मग वर्गात सांगत तसं, आवाज न चढवता म्हणाले, “माणूस पाहुण्यापुढे अब्रू राखून बोलतो. मी पाहुणा होतो. त्यांनी मला सांगितलं ते त्यांना करावंसं वाटतं ते. त्यांनी केलं काय, ते त्यांच्या देवळीत होतं. जो माणूस सहज वाशिमला जाऊ शकतो, तो नको असलेलं टॉनिक रिसोडला विकत घेणार नाही. रिठदच्या पलीकडचे, वाशिमच्या बाजूचे लोक ते घेत नाहीत. रिसोडच्या बाजूचे घेतात आणि त्याचा दिवा करतात. कारण त्यांना दुसरीकडे जाता येत नाही.”

मुंबईचा वकील म्हणाला, “एक गाव आपण वगळलंत.”

“हो. तिथल्या चिमण्या मागून आणलेल्या होत्या. त्यांना वाटलं, मी वीज देणार आहे.”

मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी चष्मा काढला. “आणि मिळाली का वीज त्यांना?”

“नाही,” सर म्हणाले. “त्यांनी मला ते इथं सांगायला सांगितलं होतं.”

त्या गृहस्थांनी चष्मा पुन्हा लावला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत उत्तम सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. “हे करू नका. तुमचं दुकान चालावं म्हणून मी आलो नव्हतो. तिसऱ्याला दार बंद करता येतं का, एवढाच प्रश्न होता.” उत्तमला ते लागलं. नंतर मला म्हणाला, “मानूस चांगला हाये, पन कोरडा हाये बावा. थुका बी नाई त्याच्या तोंडात.”

पुढच्या सत्रात सरांची नेमणूक झाली नाही. विद्यार्थी कमी आहेत असं कारण दिलं गेलं. विद्यार्थी तेवढेच होते. त्यांचे तास मला मिळाले, मी ते घेतले आणि चांगले घेतले. वाशिम स्टेशनवर त्यांना पोचवायला मी होतो आणि खानावळीच्या काकू होत्या. काकूंनी दशम्या बांधून आणल्या होत्या. म्हणाल्या, “जिथं जासान तिथं सैपाकवालीले डोकं लावू नका. सारे माह्यासारखे नसतात.” सर म्हणाले, “नाही लावणार.” मला वाटतं, एवढं एकच खोटं ते माझ्यादेखत बोलले.

आयोगाचा निकाल त्यानंतर आला. ना-हरकतीचा नियम बंद करा, परवाना असलेल्या दुकानदाराला माल द्या. इंग्रजीत होता. मी उत्तमला दुकानाच्या पायरीवर बसून मराठीत वाचून दाखवला, आणि तो मला तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लावत होता. पहिलं खोकं एस.टी.च्या टपावरून आलं. जयभीम घालून लोक आले, पेढे झाले. जुन्या दोन दुकानांनी महिन्याभरात टॉनिक गळ्यात मारणं सोडलं. गावात कुणी त्याचा अर्थ लावत बसलं नाही.

सर कुठल्याशा लहान कॉलेजात गेले होते. एका वर्षी विद्यापीठाचे पेपर तपासायला मी नागपूरला गेलो, तिथं त्यांच्या भागातला एक प्राध्यापक भेटला. मी चौकशी केली. तो म्हणाला, ते गेले की. गेल्या पावसाळ्यात. चार दिवस ताप होता. मी पुढं काही विचारलं नाही. पेपरांचा गठ्ठा संपवला आणि संध्याकाळची गाडी धरली.

उत्तमला सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही, भेटच होत नव्हती. दशक संपता संपता एका दुपारी तोच माझ्या घरी आला, लाल झालेला. आता त्याचं दुकान रिसोडात सगळ्यात चालतं होतं.

“तुह्या सरायले बोलाव,” तो म्हणाला.

“काहून?”

“मानोऱ्याकडचं एक पोरगं, तांड्यावरचं, माह्या समोर मेडिकल टाकून राह्यलं. बरोब्बर समोर! चार दुकानं चालतात का रिसोडात? सरायले म्हन, या, मोजा. कागदावर लिहून द्या का चौथं नाई चालत. त्यायचं लोक ऐकतात.”

त्याला आपण काय बोलतोय ते कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच तो इतक्या जोरात बोलत होता.

“सर आले असते,” मी म्हणालो. “पण आधी त्या पोराच्या दुकानात गेले असते.”

“गेले असते म्हंजे?”

मग मी सांगितलं. उत्तम खाली बसला. ताप किती दिवस होता, औषध दिलं का, कोन होतं जवळ, असं त्यानं विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं उठून म्हणाला, “चाल, दुकानावर चहा पिऊ.” मी त्याच्यासोबत रिसोडला गेलो.

समोरचं दुकान उघडं होतं. कपाटं नवी, अर्धी रिकामी. आम्ही चहा पीत असताना ते पोरगं रस्ता ओलांडून आलं आणि पायरीच्या खालीच उभं राहिलं. “काका, एक बाई बसली हाये माह्याकडं. बारकं लेकरू हाये, ताप हाये. माह्याजवळ पातळ औषध नाई, गोळ्याच हायेत. तुमच्याजवळ असन तं द्या, उद्या माल आला का देतो.”

उत्तमनं चहाची बशी खाली ठेवली. मी रस्त्याच्या पलीकडं पाहिलं. बाई बाकावर बसली होती, लेकराचं तोंड पदराखाली होतं.

“वर ये,” उत्तम म्हणाला. “खाली काहून उभा हायेस?”

त्यानं कपाट उघडलं, बाटली काढली, उजेडाकडं धरून तारीख पाहिली आणि पोराच्या हातात दिली. पोरगं धावतच गेलं. उत्तम काउंटरवर दोन्ही हात टेकून ते रस्ता ओलांडून बाईच्या हातात बाटली देईपर्यंत पाहत होता.

“नवं हाये,” तो मला म्हणाला. “बाटली हलवून द्या म्हनून बाईले सांगलं नाई त्यानं.” आणि चपला घालून तो स्वतःच रस्ता ओलांडून गेला.